प्रकल्प सक्तीचा केलात, आता ग्रंथालयही द्या

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू
आणि विद्यापीठांच्या ज्ञानस्रोत केंद्रांचे (ग्रंथालयांचे) माननीय संचालक यांस,

सविनय नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपण अभ्यासक्रम बदलले. एम.ए.च्या पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय आला. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आला. चार वर्षांच्या पदवीत जो विद्यार्थी संशोधनासह ऑनर्स घेईल, त्यालाही सातव्या-आठव्या सत्रात प्रकल्प आहेच. मी तालुक्याच्या गावातल्या एका संलग्न महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि मुलांकडून हे प्रकल्प करून घेते. हा बदल मला मनापासून पटलेला आहे. गाइड पाठ करून पदवी मिळवण्यापेक्षा एखादा प्रश्न हाती घेऊन वर्षभर त्याच्या मागे लागणं केव्हाही चांगलं. पण संशोधन करायचं म्हटलं की वाचावं लागतं, आणि वाचायचं ते जिथे ठेवलेलं आहे तिथे आमच्या मुलांना कुणी आपलं मानत नाही.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. ज्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाने संशोधन करायला लावलं आहे, त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यापीठाच्या आवारातल्या विद्यार्थ्याइतकाच हक्क द्या. तो कोणत्या महाविद्यालयात शिकतो, ते महाविद्यालय आवारापासून किती लांब आहे, यावर तो हक्क ठरू नये.

आमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर विद्यापीठाचं नाव असतं. पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक, विद्यापीठ देतं, परीक्षा शुल्क विद्यापीठाकडे जातं, पदवी विद्यापीठाची मिळते. ग्रंथालयाच्या दारात मात्र त्यांची गणना 'बाहेरचे वाचक' अशी होते. सभासदत्व मिळतं ते विद्यापीठाच्या विभागांतल्या विद्यार्थ्यांना, पीएच.डी.च्या संशोधकांना आणि प्राध्यापकांना. संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने प्राचार्यांचं पत्र आणायचं, दिवसाचं शुल्क भरायचं, वाचनकक्षात बसायचं आणि वेळ संपली की उठायचं. काही ठिकाणी नियम याहून सैल असतील, काही ठिकाणी याहून कडक. पण राज्यातले बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात, आणि त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी विद्यापीठाचं ग्रंथालय आतून पाहिलेलं असतं, हे आपणही जाणता.

माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प सांगते, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही. तिने विषय घेतला १९७२ चा दुष्काळ, त्यातली दुष्काळी कामं आणि पुढे आलेली रोजगार हमी योजना. आणि हे सगळं तिच्या स्वतःच्या तालुक्यापुरतं. विषय घरातूनच आला होता. तिची आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात असे आणि तिथे मिळालेली सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणत असे. मुलीला जाणून घ्यायचं होतं की त्या कामावर कोण कोण होतं, शेती असलेलीही माणसं होती की फक्त भूमिहीन, आणि तलाव झाल्यावर पाणी कुणाच्या रानात गेलं. प्रश्न उत्तम होता. मला स्वतःला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून तर मी तो लगेच मान्य केला.

या विषयाची ढोबळ माहिती मोबाइलवर अर्ध्या तासात मिळते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना, १९७५ पासून योजनेसाठी बसवलेला व्यवसाय कर, १९७७ चा कायदा, त्याच धर्तीवर २००५ मध्ये झालेला देशाचा कायदा. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, हा आकडाही सापडतो. पण हे सगळं राज्याचं झालं. तालुक्याचं काय झालं, हे कळायचं तर जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, म्हणजे जिल्हा गॅझेटिअर लागतं, १९७१ आणि १९८१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका लागतात, अवर्षणप्रवण भागांची पाहणी करणाऱ्या सुखटणकर समितीचा १९७३ चा अहवाल लागतो, विधिमंडळातल्या चर्चा लागतात, त्या काळातली वर्तमानपत्रं लागतात. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी योजनेच्या कामांवरच्या मजुरांची प्रत्यक्ष पाहणी करून १९८० साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लिहिलेला लेख लागतो. आणि याच भागावर आजवर कुणी पीएच.डी. केली असेल, तर तो प्रबंध लागतो.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात क्रमिक पुस्तकं आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आहेत, कथा-कादंबऱ्या बऱ्या आहेत. वरच्या यादीतलं काहीही नाही, आणि असण्याची अपेक्षाही कुणी करू नये. एका तालुक्याच्या महाविद्यालयाला वीकलीचे चाळीस वर्षांचे बांधीव खंड विकत घेऊन ठेवणं जमणारही नाही आणि त्याची गरजही नाही. ते विद्यापीठाकडे आहेत. आपल्या राज्याने विद्यापीठं उभी केली ती अशा गोष्टी एका जागी नीट राहाव्यात आणि सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनच.

मुलगी पहाटेच्या एसटीने निघाली. दीडशे किलोमीटर. साडेअकराला ग्रंथालयाच्या काउंटरवर पोहोचली, तर पत्रावर प्राचार्यांची सही होती पण विभागप्रमुखांची शिफारस नव्हती. फोनाफोनी झाली, शिफारस व्हॉट्सॲपवर मागवली, ती छापून आणायला आवाराबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागलं. आत जाईपर्यंत एक वाजला. पुस्तकांच्या दालनात जायला परवानगी नव्हती, चिठ्ठी लिहून पुस्तक मागवायचं होतं. काय मागवायचं हेच शोधायला ती आली होती, त्यामुळे चिठ्ठीत काय लिहावं हा प्रश्न. संगणकावर बसली, तर ई-नियतकालिकांना आवारातलं लॉगिन लागत होतं. परतीची शेवटची थेट गाडी साडेचारची.

तिथल्या कर्मचाऱ्यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही, उलट मी त्यांची ऋणी आहे. काउंटरवरच्या गृहस्थांनी तिचा विषय विचारून घेतला आणि नियमात बसेल तेवढं सगळं केलं. १९८० चा खंड स्वतः शोधून आणून दिला. जनगणनेची जुनी जिल्हा पुस्तिकाही काढून दिली, जी तिने मागितलीच नव्हती. त्या पुस्तिकेत गाववार तक्ते असतात. गावात शेतकरी किती, शेतमजूर किती, पाणी विहिरीचं की नदीचं, शाळा आहे का, पक्का रस्ता आहे का. तिने आपल्या आजीच्या गावाची ओळ शोधली. माणसं किती, त्यांतले शेतमजूर किती, सगळं एका ओळीत. तिने ती ओळ वहीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या डोक्यात पुढचे प्रश्न तयार होते. १९७१ मध्ये इतके शेतमजूर होते, मग १९८१ मध्ये किती झाले? दुष्काळात ज्यांनी जमिनी विकल्या ते या आकड्यात आले का? शेजारच्या गावात तलाव झाला नाही, तिथला आकडा काय?

माननीय महोदय, संशोधनाची सुरुवात यालाच म्हणतात. आपल्या ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तिकेतल्या एका ओळीने ते काम केलं, जे माझ्या वर्गातल्या तासांनी झालं नसतं. मात्र १९८१ ची पुस्तिका पाहायला ती पुन्हा जाऊ शकली नाही. भाडं होतं, घरच्यांचं बोलणं होतं, आणि पुन्हा तेच पत्र, तीच शिफारस होती. प्रकल्प पूर्ण झाला, गुणही चांगले मिळाले, पण तो प्रश्न अर्ध्यावर राहिला.

यावर विद्यापीठांकडून जी कारणं ऐकायला मिळतात, ती मी विचारात घेतलेली आहेत.

पहिलं कारण परवान्याचं. ई-नियतकालिकांचे आणि डेटाबेसचे करार वापरणाऱ्यांच्या संख्येवर होतात, संलग्न महाविद्यालयांचे लाखभर विद्यार्थी त्यात धरले तर किंमत परवडणार नाही, असं सांगितलं जातं. हे खरं आहे. पण छापील पुस्तकांना, बांधीव खंडांना, सरकारी अहवालांना, विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रबंधांना कोणत्या प्रकाशकाचा परवाना लागतो? माझ्या विद्यार्थिनीला हवं होतं त्यातलं बहुतेक सगळं याच प्रकारचं होतं. शिवाय जो वाचक ग्रंथालयात प्रत्यक्ष येऊन बसला आहे, त्याला तिथल्या संगणकावर वाचायची मुभा अनेक प्रकाशकांच्या करारांतच दिलेली असते. ती आपल्या करारांत आहे का, हे एकदा तपासून पाहावं. असेल तर संलग्न महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला त्या दिवसापुरतं लॉगिन देण्यात अडचण उरत नाही, आणि नसेल तर पुढच्या करारात ते कलम मागून घ्यावं.

परवान्याचाच विषय निघाला आहे तर 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दल, म्हणजे देशभरातल्या संस्थांसाठी केंद्राने एकत्रित भरलेल्या ई-नियतकालिकांच्या वर्गणीबद्दल, बोलायलाच हवं. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ₹६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. अतिशय स्वागतार्ह योजना आहे. पण तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रात उच्च शिक्षण खेड्यापाड्यांत नेलं ते शिक्षण संस्थांनी. इथली बहुतेक महाविद्यालयं अशा संस्थांची आहेत, अनुदानित असतील तिथे पगार सरकार देतं, पण व्यवस्थापन संस्थेचं. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच महाविद्यालयं बाहेर. आपण कुलगुरू मंडळी एकत्रितपणे केंद्राकडे हा मुद्दा मांडलात, तर त्याला जे वजन येईल ते माझ्यासारख्या शिक्षकाच्या अर्जाला कधीच येणार नाही. महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं देणारी एन-लिस्ट ही योजना आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती खरोखर उपयोगी आहे. पण तिची वार्षिक वर्गणी वेळेवर भरणं, प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं उघडणं, पासवर्ड विसरला तर नवा देणं ही कामं महाविद्यालयाच्या ग्रंथपालाची, आणि अनेक ठिकाणी घोडं तिथेच पेंड खातं. ग्रंथपाल निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, कपाटांच्या किल्ल्या परिचराकडे आहेत. तो बिचारा पुस्तकं देतो-घेतो, आणखी त्याने काय करावं?

दुसरं कारण गर्दीचं. सगळे विद्यार्थी एकाच दिवशी येणार नाहीत, हे तर उघड आहे. आणि सगळ्यांना मुख्य आवारात यावं लागू नये, यासाठी आपल्याकडे सोय आधीच आहे. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीला आहे, पुणे विद्यापीठाची नाशिक आणि अहिल्यानगरला आहेत, मराठवाडा विद्यापीठाचं धाराशिवला, नांदेडच्या विद्यापीठाचं लातूरला. या उपकेंद्रांमधून मुख्य ग्रंथालयातलं पुस्तक आठवड्यातून एकदा येऊ-जाऊ शकतं. विद्यापीठाची गाडी उत्तरपत्रिका घेऊन त्याच रस्त्याने फिरत असतेच.

तिसरं कारण पुस्तकं हरवण्याचं. इथे मी आपल्या ग्रंथपालांच्या बाजूची आहे. दुर्मीळ पुस्तक घरी देऊच नये. जे घरी देता येण्यासारखं आहे, ते विद्यार्थ्याच्या नावावर न देता त्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या नावावर द्या, परत करण्याची जबाबदारी महाविद्यालयाची. आंतरग्रंथालयीन देवघेव ही ग्रंथालयशास्त्रात पहिल्या वर्षाला शिकवतात ती गोष्ट आहे, ती आपल्याच विद्यापीठाच्या कुटुंबात चालू नसावी याचं मला वाईट वाटतं.

आणि जे देता येत नाही, त्याचं प्रकरण स्कॅन करून पाठवा. यात प्रताधिकाराची (कॉपीराइटची) धास्ती घेतली जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापरासाठी, आणि त्यात संशोधनही आलं, वाजवी प्रमाणात केलेला उपयोग हा प्रताधिकाराचा भंग धरलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर आणि विद्यापीठावर मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला, आणि शिकवण्याच्या ओघात लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढायला याच कलमाचा आधार आहे हे तत्त्व डिसेंबरात खंडपीठानेही मान्य केलं. तो खटला अध्यापनासाठीच्या प्रतींचा होता, संपूर्ण पुस्तकं छापून वाटायची मोकळीक कुणी मागत नाही. एका विद्यार्थ्याला त्याच्या प्रकल्पासाठी एका लेखाची किंवा एका प्रकरणाची प्रत देणं एवढंच मी म्हणते आहे. त्यासाठी विद्यापीठाने विधी विभागाकडून एकदा दोन पानांची नियमावली करून घ्यावी आणि काउंटरवरच्या माणसाची धास्ती कायमची घालवावी.

थोडं इतिहासाकडेही पाहू या. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते परीक्षा घेणारं आणि महाविद्यालयांना संलग्नता देणारं विद्यापीठ म्हणून. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले, मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं नाव दिलं, आणि १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. त्या वेळी विद्यापीठाला स्वतःचे अध्यापन विभागच नव्हते. ज्याला विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणावं, तो प्रत्येक जण संलग्न महाविद्यालयाचाच होता. विभाग विसाव्या शतकात आले. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला आज ग्रंथालय बाहेरचा मानतं, त्याच्याशिवाय विद्यापीठ नावाची गोष्टच तेव्हा नव्हती. १९४९ साली पुणे विद्यापीठ, १९६२ साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, ते या भागातल्या मुलांना मुंबईकडे तोंड करून बसावं लागू नये म्हणून. मग कोकणातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या तालुक्यातल्या मुलीला आज जिल्ह्याच्या पलीकडच्या एका वाचनकक्षाकडे तोंड करून बसावं लागतं, याचा विचार व्हायला हवा.

आता एका अशा गोष्टीकडे येते, जी दार उघडलं तरी सुटणार नाही. ती आहे मराठीतल्या संशोधनाचा शोध. माझे विद्यार्थी मराठीत लिहितात. त्यांना मराठीत झालेलं आधीचं काम वाचायचं असतं आणि ते भरपूर झालेलं आहे. विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने चालवलेल्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले लाखो प्रबंध आहेत, त्यांत मराठीतले प्रबंधही पुष्कळ आहेत, आणि तिथे कुणाचं शिफारसपत्र लागत नाही. ही फार मोठी देणगी आहे. पण शोधाच्या चौकटीत 'दुष्काळ' हा शब्द देवनागरीत टाकून पाहा. मग तोच शब्द रोमन लिपीत निरनिराळ्या तऱ्हांनी टाकून पाहा. दर वेळी वेगळे प्रबंध येतात. कुणी शीर्षक देवनागरीत भरलेलं, कुणी रोमनमध्ये आपल्या मनाने, कुणी सरळ इंग्रजीत भाषांतर करून. प्रबंध उघडला तर अनेकदा आत स्कॅन केलेली पानं, म्हणजे आतला शब्द शोधायची सोय नाही. काही प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. त्यातली एखादी ओळ उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवली, तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला उमटतो. विद्यार्थी 'माझ्या विषयावर मराठीत काहीच काम झालेलं नाही' असं प्रस्तावनेत लिहून मोकळा होतो, आणि त्याच विद्यापीठात पंधरा वर्षांपूर्वी झालेला प्रबंध तिथेच पडून असतो.

हे प्रबंध आपणच पाठवता. त्यामुळे ही दुरुस्ती आपल्या हातातली आहे. यापुढे मराठी प्रबंधाची युनिकोड फाइल (म्हणजे कुठल्याही संगणकावर देवनागरी वाचता आणि शोधता येईल अशी), देवनागरीतलं शीर्षक, देवनागरीतला सारांश आणि विषयाचे शब्द असल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये, एवढं परिपत्रक पुरेसं आहे. जुन्या प्रबंधांची शीर्षकं आणि अनुक्रमणिका देवनागरीत भरण्याचं काम 'कमवा व शिका' योजनेतल्या मुलांना देता येईल. त्यांना चार पैसे मिळतील आणि आपल्या विषयात आधी काय झालंय हे भरता भरता कळेल. हेच ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेलाही (कॅटलॉगलाही) लागू आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तेव्हा त्यांच्यापाशी संगणक नव्हता, ग्रंथालयांच्या कपाटांसमोर उभं राहून नोंदी घेणं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सत्कार-समारंभ झाले, व्हायलाच हवे होते. पण अभिजात भाषेतला प्रबंध त्या भाषेच्या लिपीत शोधून सापडावा, ही अपेक्षा त्या दर्जाबरोबरच येते.

शेवटचा मुद्दा शोधायला शिकवण्याचा. माझ्या विद्यार्थिनीला जनगणनेची पुस्तिका काउंटरवरच्या एका भल्या माणसाने दिली. बऱ्याच जुन्या जनगणना पुस्तिका आता ऑनलाइनही चढवलेल्या आहेत, गॅझेटिअरही आहेत. पण ते आहेत, कुठे आहेत आणि त्यात काय मिळेल हे सांगणारं माणूस लागतं. संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांत आम्ही गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली, संख्याशास्त्रातली काय-वर्ग (chi-square) चाचणी शिकवतो. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात. तालिकेत विषयावरून शोध कसा घ्यावा, एका चांगल्या लेखाच्या तळटिपा धरून मागे मागे कसं जावं, एखाद्या अहवालातला आकडा कुणी, कशासाठी गोळा केला होता हे कसं तपासावं, यांतलं काहीही परीक्षेत नाही, म्हणून वर्गातही नाही. यातलं सर्वांत जास्त ज्याला येतं तो ग्रंथपाल, आणि तोच अभ्यासक्रमात कुठे नाही.

याचे परिणाम संदर्भसूचीत दिसतात. गेल्या काही काळापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रकल्पांच्या संदर्भसूची मी एकेक नोंद घेऊन तपासते. काही सूची कुणाच्या तरी प्रबंधातून जशाच्या तशा उचललेल्या असतात, जुन्या चुकांसकट. आणि आता नवा प्रकार आला आहे. नियतकालिकाचं नाव खरं, लेखकाचं नाव खरं, वर्ष पटण्यासारखं, खंड आणि पृष्ठ क्रमांकही दिलेले, पण असा लेख कधी छापलाच गेलेला नाही. एआयला विचारलं, त्याने बेमालूम रचून दिला. मुलाला विचारलं तर तो खाली मान घालून म्हणतो, 'मॅडम, खरा लेख मिळतच नव्हता.' त्याला रागावून मी काय साधणार? आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

वाङ्मयचौर्यासाठी आपल्याकडे २०१८ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांच्या आत हवं, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. साम्य मोजण्याची सॉफ्टवेअरही विद्यापीठांना मिळालेली आहेत. ती असावीत. पण ती चोरी पकडतात, वाचन शिकवत नाहीत, आणि नसलेला लेख तर त्यांच्या तपासणीतून सुखरूप पार होतो, कारण त्याचं कशाशीच साम्य नसतं. खरा लेख हातात मिळण्याची सोय झाली तर खोटा लेख रचून घ्यायची गरज बऱ्याच मुलांना वाटणार नाही. सगळ्यांना नाही म्हणत मी, पण बऱ्याच जणांना.

म्हणून संशोधन पद्धतीच्या ४ श्रेयांकांतला १ श्रेयांक ग्रंथालयातल्या प्रत्यक्ष कामाचा करा. त्यात विद्यार्थ्याने आपल्या विषयावरचे खरे स्रोत शोधायचे, ते कुठे मिळाले ते लिहायचं, त्यांतले दोन-तीन नीट वाचून त्यांवर टिपण करायचं. मूल्यमापनात ग्रंथपालाचा वाटा असावा. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालच नाही तिथे विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या माणसाने सत्रातून एकदा दोन दिवस जाऊन राहावं. आणि रिकाम्या जागांचा प्रश्न शासनाकडे मांडताना संशोधन प्रकल्पाचं कारण ठळकपणे पुढे करावं. आजवर ते कारण आपल्याकडे नव्हतं, आता आहे.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. पैसा लागेल, माणसं लागतील, करार संपेपर्यंत थांबावं लागेल. सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आपल्याकडे ज्ञानस्रोत समिती आहे. तिच्या येत्या बैठकीत 'संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे ग्रंथालय सभासदत्व' हा विषय घ्यावा, आणि त्या चर्चेला तालुक्याच्या महाविद्यालयातला एखादा ग्रंथपाल आणि प्रकल्प करणारा एखादा विद्यार्थी बोलावावा, ही विनंती. हवी असेल ती माहिती, आमच्या विद्यार्थ्यांना कोणती पुस्तकं, कोणते खंड लागतात त्याची यादी, मी आणि माझे सहकारी आनंदाने करून देऊ.

तोवर पैसे न लागणारी एक गोष्ट नव्या सत्रापासून करता येईल. पीआरएन नंबर असलेलं आयकार्ड दाखवलं की विद्यार्थ्याला वाचनकक्षात आणि पुस्तकांच्या दालनात प्रवेश द्या. प्राचार्यांचं पत्र आणि विभागप्रमुखांची शिफारस मागणं बंद करा. तसं परिपत्रक निघालं तर एक प्रत महाविद्यालयांनाही पाठवा, म्हणजे ती मी सूचनाफलकावर लावीन.

आपली नम्र,
संलग्न महाविद्यालयातील अर्थशास्त्राची एक शिक्षिका